दोन मुलं, तिसरा मजला, घरात आजी: कोणत्या जातीचा कुत्रा घ्यावा?

निशिगंध
कुत्रा आणायचं नक्की झालंय, जात ठरत नाहीये. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, लिफ्ट आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचारचा. आम्ही दोघंही नोकरी करतो, मी आठवड्यातून तीन दिवस घरून. सासूबाई दिवसभर घरी असतात, वय ६८, गुडघे दुखतात. मुलीला गोल्डन रिट्रीव्हर हवाय, नवऱ्याला बीगल. सासूबाई म्हणतात, "पॉमेरियन बरा, लहानखुरा." कोणत्या जातीत नेमकं काय बिघडतं, रोज किती वेळ द्यावा लागतो, किती खातो, अशी ठोस माहिती हवी आहे. "खूप गोड असतो" हे माहीत आहे. :)

रानपाखरू
लॅब्रॅडॉर. डोळे मिटून लॅब.

शेपटीवाला
रानपाखरू, डोळे उघडे ठेवून लॅब म्हणा. स्वभावानं लॅब मुलांसाठी उत्तम, त्यात दुमत नाही. अडचण वजनाची. सात महिन्यांचं लॅबचं पिल्लू २२ ते २५ किलोचं होतं आणि डोक्यानं अजून बाळच असतं. साडेचार वर्षांचा मुलगा साधारण १६ किलोचा. पिल्लू आनंदानं धावत येऊन भिडलं की मुलगा आडवा. चावा नसतो, पण ओठ फुटतो आणि मुलाच्या मनात भीती बसते. हा दांडगेपणा दीड-दोन वर्षांपर्यंत चालतो.

दुसरं, खाणं. लॅबच्या भुकेला शारीरिक कारण आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चौथा हिस्सा लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणून "बिचारा भुकेला दिसतोय" म्हणून वाढत बसू नका. ३० किलोच्या नसबंदी झालेल्या लॅबला दिवसाला ३०० ते ३५० ग्रॅम कोरडं खाद्य, दोन वेळांत विभागून आणि काट्यावर मोजून. म्हणजे महिन्याला दहा किलो. मुलांनी दिलेली बिस्किटं आणि आजीची पोळी त्यातूनच वजा करायची.

वजन बरोबर आहे का हे घरीच कळतं. आपल्या हाताचा पंजा पसरून त्याच्या मागच्या बाजूची हाडं चाचपून बघा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला तेवढ्याच लागायला हव्यात. मूठ आवळल्यावर गाठी लागतात तशा लागल्या तर हडकुळा, तळहातासारख्या मऊ लागल्या तर लठ्ठ. लठ्ठ लॅबचे खुबे लवकर जातात, आणि खुब्याचा सांधा सैल असणं हा या जातीचा मुळातलाच दोष.

सोनचाफा
गोल्डनबद्दल. मुलीला नाही म्हणायला जड जाईल, पण केसांचा हिशेब आधी मांडा. दुहेरी केस असतात, आतला थर लोकरीसारखा. आठवड्यातून चार वेळा, दर वेळी वीस मिनिटं, आतपर्यंत कंगवा. पावसाळ्यात फिरून आल्यावर पोट, काखा आणि कानामागचा भाग टॉवेलनं पुसून भागत नाही, कातडीपर्यंत ब्लोअरनं वाळवावा लागतो. नाहीतर जुलैमध्ये ओले, लाल, केस उडालेले चट्टे येतात. कुत्रा ते चाटून एका दिवसात तळहाताएवढे करतो. उन्हाळ्यात अंगावर मशीन फिरवून गोटा करण्याची चूक करू नका, ते केस ऊनही अडवतात. पंजे, पोटाखालचा भाग आणि शेपटीखालचा भाग तेवढा कातरावा.

स्वभाव लॅबपेक्षा थोडा मऊ. खुबे, कान आणि कातडी यांवर डॉक्टरकडे खर्च होतो.

खारीबिस्कीट
बीगलवर मी लिहिते. आकार तुमच्या घराला बरोबर आहे, १० ते १२ किलो. मुलांशी दंगामस्ती करायला आवडते, पटकन अंगावर येत नाही. आता दुसरी बाजू: ही सशाच्या मागावर टोळीनं धावायला तयार केलेली जात आहे. यातून तीन गोष्टी निघतात.

वास लागला की कान बंद होतात. बाहेर पट्टा कधीच सोडायचा नाही, दहा वर्षांचा झाला तरी. लिफ्टचं दार उघडलं आणि हातात पट्टा नसला तर तो थेट गेटबाहेर.

टोळीतला असल्यानं एकटं राहवत नाही. भुंकण्याखेरीज लांब हेल काढून ओरडतो, ते चार मजले ऐकू जातं. आजी घरी आहेत ही जमेची बाजू.

रोज किमान एक तास फिरणं, त्यातलं अर्धं नाकाचं काम: गवतात खाद्य पसरून शोधायला लावणं, चादरीच्या घड्यांत लपवणं. हे नऊ वर्षांची मुलगी फार छान करू शकते.

आणि शाळेचा डबा दप्तरात ठेवून दप्तर जमिनीवर ठेवलं, तर डबा गेला.

कट्टाप्पा_नाशिक
पॉमेरियन राहिला. आपल्याकडे पॉम म्हणून जो पांढरा कुत्रा घरोघर असतो तो बहुतेक इंडियन स्पिट्झ, पाच ते सात किलोचा, कधी त्याहून मोठा. खरा पॉमेरियन दोन-तीन किलोचा आणि हाडानं काडीसारखा. सोफ्यावरून उडी मारली किंवा मुलाच्या हातून निसटला तर पुढचा पाय मोडतो. साडेचार वर्षांचं मूल कुत्रा उचलणारच. त्यामुळे खरा पॉम, चिवावा, टॉय पूडल सगळे बाद.

स्पिट्झ काटक असतो, इथल्या हवेला सरावलेला, खाणं कमी. पण बेल वाजली, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, भाजीवाला ओरडला की भुंकतो. एकाच माणसाला धरून राहण्याकडे कल असतो, आणि तुमच्याकडे ते माणूस आजी असतील. मग आजींच्या मांडीवर बसलेला असताना नातू जवळ आला की गुरगुर. हे सोडवता येतं (पहिल्या दिवसापासून मांडीवरून खाली उतरायला शिकवणं, मूल जवळ आलं की खाऊ मिळणं), पण करावं लागतं. लहान कुत्रा म्हणजे सोपा कुत्रा असं धरू नका.

रानपाखरू
बरं, मग पग? मुलांना आवडतो, लहान आहे, भुंकत नाही.

गोठा_ते_दवाखाना
पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर: चपट्या नाकाचे सगळे. कुत्रा अंगाला घाम येऊन थंड होत नाही, धापा टाकून होतो. नाक आखूड, टाळू लांब, त्यामुळे हवाच पुरेशी आत जात नाही. एप्रिल-मेच्या दुपारी मुलांबरोबर दहा मिनिटं बॉल खेळला की अंगाचं तापमान ४१ अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि तिथून पुढे जीव वाचवण्याची धावपळ असते. "घोरतो, किती गोड" असं लोक म्हणतात; तो श्वासाचा त्रास आहे. डोळे बाहेर असल्यानं मुलाचं नख किंवा खेळण्याचं टोक लागलं तरी बुबुळाला जखम. चेहऱ्याच्या घड्या रोज कोरड्या पुसाव्या लागतात. खेळकर मुलांच्या घरात मी या जाती सुचवणार नाही.

डॅशहुंड: पाठ लांब, मणक्यातली गादी सरकते. मुलांनी काखेत धरून उचलला की मागचा भाग लोंबतो, नेमका तिथे ताण येतो. कॉकर स्पॅनियल: पावसाळाभर कानांचं दुखणं. जर्मन शेफर्ड: हुशार, पण धावणाऱ्या मुलांच्या टाचा धरून कळप हाकायची सवय असते, आणि रोज दीड-दोन तास शिकवणी हवी. हस्की: पुण्यात नको, कृपा करा.

आता मूळ मुद्दा. निशिगंधताई, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही. सकाळी साडेसहाला आणि रात्री नऊला, पाऊस असो की परीक्षा, पट्टा कोण धरणार? नऊ वर्षांच्या मुलीनं वीस किलोचा कुत्रा एकटीनं रस्त्यावर नेऊ नये. भटके कुत्रे अंगावर आले तर तिला आवरणार नाही, आणि पट्टा मनगटाला गुंडाळलेला असला तर ती फरफटत जाईल. आजींच्या गुडघ्यांना एक झटका पुरेसा. म्हणजे कुत्रा तुमचा आणि तुमच्या नवऱ्याचा. जात त्या दोन माणसांच्या वेळेवर आणि मनगटावर ठरवा. मुलांना कोणता हवाय हे त्यानंतर.

सोनचाफा
+१. हे धाग्याच्या वर चिकटवायला हवं.

पायवाट
अजून कुणी देशीचं नाव काढलं नाही! १५ ते २२ किलो, आखूड केस, महिन्याला दोन अंघोळींचीही गरज नाही, खुब्याचे आणि श्वासाचे जातिवंत दोष नाहीत, इथला उन्हाळा कातडीत मुरलेला. थंडीत पिल्लं भरपूर असतात, कारण देशी माद्या बहुतेक पावसाळ्यानंतर माजावर येतात.

शेपटीवाला
पायवाट, देशीला विरोध नाही, पण रस्त्यावरून कुठलंही पिल्लू उचला असा अर्थ व्हायला नको. कुत्र्याचं मन घडतं ते तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. त्या काळात माणसांची मुलं, प्रेशर कुकर, मिक्सर, लिफ्ट यांची ओळख झाली नाही तर पुढे दबून राहणारा, कोपऱ्यात अडकला की झटकन तोंड टाकणारा कुत्रा होतो. हे जातिवंतालाही लागू, देशीत जास्त दिसतं कारण माणसापासून सावध राहणंच रस्त्यावर कामी येतं.

पायवाट
मान्य. म्हणूनच छोट्या मुलांच्या घरासाठी पिल्लापेक्षा दीड-दोन वर्षांचा, एखाद्या कुटुंबात सांभाळायला ठेवलेला देशी बघावा. दुधाचे दात पडून झालेले असतात, आकार ठरलेला असतो, शी-शूची शिस्त लागलेली असते आणि स्वभाव समोर दिसतो. पिल्लाचा स्वभाव हा अंदाज असतो.

पारखायचं असं. एकदा जाऊन ठरवू नका, तीन वेळा जा, दोनदा मुलांना घेऊन. मुलांनी जमिनीवर शांत बसायचं, हाक मारायची नाही. कुत्रा आपणहून आला, अंग सैल, शेपूट पाठीच्या रेषेत डुलतेय, वास घेऊन जवळ थांबला तर उत्तम. आला आणि ताठ उभा राहिला तर नको. मग स्टीलचं ताट खाली पाडा. दचकणं ठीक आहे. दहा-वीस सेकंदांत परत येऊन ताटाचा वास घेतो का, ते बघा. खाताना मोठ्या माणसानं (मुलानं नव्हे) जवळून जाऊन भांड्यात अजून चांगला तुकडा टाकायचा. मान भांड्यावर झाकून थिजला, खाण्याचा वेग वाढला तर लहान मुलाच्या घराला तो नाही.

लातूरचा_वारा
थोडं विषयांतर. कारवानी आणि पश्मीला (म्हणजे मुधोळ हाउंडला) विसरू नका. आमच्या मराठवाड्यात, सोलापूरकडे आणि पलीकडे बागलकोट-मुधोळपर्यंत हा कुत्रा शेतावर असतोच. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. २० ते २८ किलो, घरात अतिशय शांत, भुंकणं कमी, केसांची कटकट नाही.

पण फ्लॅटला देताना दहा वेळा विचार. नजरेनं शिकार करणारा आहे. मांजर, ससा, कोंबडी दिसली की सुटतो. रोज एकदा बंदिस्त मैदानात मोकळं पळायला हवं, पट्ट्यावर चालून त्याचं भागत नाही. परक्यानं हात लावलेला आवडत नाही, म्हणजे मुलांचे मित्र घरी आले की लक्ष ठेवावं लागेल. मान डोक्यापेक्षा जाड असल्यानं साधा गळपट्टा निसटतो, रुंद पट्टा लागतो. शेतघर असेल तर यासारखा कुत्रा नाही.

खारीबिस्कीट
विकत घेणार असाल तर: आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनुसार बंदी आहे, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. "पस्तीस दिवसांचं, एकदम गोंडस" अशी जाहिरात दिसली की पुढे सरका. सहाव्या-सातव्या आठवड्यात भावंडांबरोबर कुस्ती खेळताना पिल्लू दात किती जोरात लावायचे ते शिकतं. तो वर्ग बुडाला की शिकवणी तुमच्या मुलाच्या हातांवर होते.

आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि ती पिल्लांसह तिच्या जागी बघा. आई लाजाळू किंवा गुरगुरणारी असेल तर पिल्लू नको. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. लॅब-गोल्डनसाठी आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. पार्किंगमध्ये आणून देतो म्हणणाऱ्याकडून नको. पार्व्हो (आतड्याचा विषाणूजन्य आजार) झालेलं पिल्लू चौथ्या दिवशी रक्ताची हगवण लागून हातात येतं.

मुळामुठा
सोसायटीची भीती असेल तर: बहुमतानं ठराव करूनही सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, लिफ्टलाही मनाई करू शकत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. महापालिकेचा परवाना मात्र काढा, त्याला रेबीज लसीचा दाखला लागतो. पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर मार्च २०२४ मध्ये केंद्राचं बंदीपत्र आलं होतं, एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. कायदा काहीही असो, पहिला कुत्रा आणि घरात साडेचार वर्षांचा मुलगा असताना त्या जाती नकोत.

दूरदेशी
जर्मनीतून लिहितोय. पुढे परदेशी बदलीची शक्यता असेल तर तेही मोजा. भारतातून युरोपीय संघात कुत्रा आणायला आधी मायक्रोचिप, मग रेबीज लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबणं. क्रम चुकला, म्हणजे लस आधी आणि चिप नंतर, तर पुन्हा पहिल्यापासून. चपट्या नाकाचे कुत्रे सामानकक्षात घ्यायला अनेक विमान कंपन्या तयार नसतात.

निशिगंध
बापरे, केवढी माहिती! मनापासून आभार. बदलीची शक्यता नाही. सकाळी नवरा ४५ मिनिटं देऊ शकतो, रात्री मी अर्धा तास. गोल्डन बाद (मुलीला सोनचाफा यांचा प्रतिसाद वाचायला दिला, तिला पटलं). आता बीगल की मोठा झालेला देशी, इथपर्यंत आलोय. दोन शंका. मुलाला थोडी धूळ-ॲलर्जी आहे, "केस न गळणारा" कुत्रा चालेल का? आणि मुलगा लहान आहे, चावण्याची भीती वाटते.

गोठा_ते_दवाखाना
ॲलर्जी केसांची नसते. थुंकीतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि ती प्रत्येक जातीत असतात. "ॲलर्जीमुक्त जात" ही विक्रेत्यांची भाषा. जो कुत्रा घ्यायचा त्याच्याबरोबर मुलाला वेगवेगळ्या दिवशी दोन-दोन तास घालवू द्या, आणि बालरोगतज्ज्ञांशी आधी बोला. मुलाच्या झोपायच्या खोलीत कुत्रा नको.

चाव्याबद्दल नीट वाचा. लहान मुलांना होणारे बहुतेक चावे ओळखीच्या कुत्र्याचे आणि घरातच होतात, आणि उंचीमुळे ते चेहऱ्यावर होतात. मुख्य कारणं चार: कुत्रा झोपलेला असताना अंगावर पडणं, खाताना जवळ जाणं, हाडूक किंवा खेळणं ओढणं, गळ्यात मिठी. मिठी हे आपलं प्रेम आहे, कुत्र्याला ते जखडणं वाटतं.

चाव्याआधी कुत्रा सांगत असतो. तोंड फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो, मग थिजतो, मग गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. गुरगुरला की मुलाला बाजूला घ्या आणि कशामुळे ते शोधा.

कुत्र्याचा पिंजरा किंवा गादी ही त्याची खोली, तिथे मुलानं जायचं नाही, हात घालायचा नाही. मोठं माणूस खोलीत नसेल तर मूल आणि कुत्रा एकत्र नाहीत, दोन मिनिटंही. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावा, आजींची ओढाताण वाचेल.

तरी दात लागलाच तर हळद, चुना, तिखट काही नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) लागतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा.

कट्टाप्पा_नाशिक
जंतांचंही सांगा डॉक्टर, मुलांच्या घरात ते महत्त्वाचं.

गोठा_ते_दवाखाना
बरोबर. पिल्लाला वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी जंतनाशक, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. गोलजंतांची अंडी शीतून बाहेर पडल्यावर मातीत दोन ते चार आठवड्यांनी संसर्गक्षम होतात, म्हणून शी त्याच वेळी उचलली की धोका बराच टळतो. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीज तीन महिन्यांनंतर. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस पावसाळ्याआधी चुकवू नका, तो आजार माणसांनाही होतो. गोचीड बारा महिने शोधा: कानाची आतली बाजू, बोटांमधल्या फटी, शेपटीखाली. गोचिडांमुळे आजार होतो: ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी रक्त तपासा.

सोनचाफा
घरातली विषं: चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि बेदाणे (शिऱ्यातले, लाडवातलेसुद्धा), कांदा, लसूण, साखरविरहित च्युइंगगममधलं झायलिटॉल. आणि आजींच्या गुडघ्यांच्या गोळ्या! वेदनाशामकांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. गोळी खाली पडली की सापडेपर्यंत कुत्रा दुसऱ्या खोलीत.

शेपटीवाला
आणि दूध-पोळीवर वाढवू नका. प्रथिनं कमी पडतात, दुधानं बऱ्याच कुत्र्यांना जुलाब होतात. तयार खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियमचं सिरप नको. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं त्यानं वाकडी वाढतात.

रानपाखरू
मी माझं लॅबचं मत मागे घेतो. तुमच्या वेळापत्रकात सव्वा तास बसतो, आजी दिवसभर सोबत, मुलगा लहान: मोठा झालेला देशी, मादी असेल तर आणखी बरं, १५-१८ किलोची.

खारीबिस्कीट
बीगलवाली असूनही सहमत. बीगलचं पिल्लू आणलं तर चार ते सहा महिन्यांच्या काळात दुधाचे दात पडताना ते मुलाच्या पायजम्याला लोंबकळेल, आणि तेव्हा आजींना ते सोडवता येणार नाही.

निशिगंध
ठरलं मग. एका स्वयंसेवकाच्या घरी पावणेदोन वर्षांची तांबूस देशी मादी आहे, नसबंदी आणि लसी झालेल्या. रविवारी पहिली भेट, मुलांशिवाय. दुसऱ्या भेटीत मुलं आणि स्टीलचं ताट. :) आणायची कधी? दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी असतो.

पायवाट
दिवाळीत नको. नव्या घरातली पहिली आठवण फटाक्यांची व्हायला नको, आणि घाबरलेला कुत्रा दारातून निसटतो तो तेव्हाच. तुळशीचं लग्न उरकल्यावर आणा, तुमच्या घरून कामाच्या दिवसांना जोडून दोन रजा टाका. गळपट्ट्यावर फोन नंबर आधीच कोरून घ्या. छातीचा हार्नेस आणि गळपट्टा, दोन्हीला एकेक पट्टा, पहिले तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात पाहुणे नाहीत, अंघोळ नाही, तिच्या आधीच्या घरातलं खाद्य तेच, आणि तिथून तिची एक न धुतलेली चादर मागून आणा.

निशिगंध
चादरीचं लिहून ठेवलं. मुलगी विचारतेय, नाव बदललं तर चालेल का?

पायवाट
चालेल. नवं नाव उच्चारा, लगेच जुनं, लगेच खाऊ. दिवसातून दहा वेळा, पंधरवडाभर. मग जुनं गाळा. दोन अक्षरी ठेवा, आणि घरातल्या कुणाच्या हाकेशी जुळणारं नको.